मागे उभी असलेली पेठ

कोल्हापुरात पूर्वी तळी पुष्कळ होती. वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर ही नावं जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतात. शहर वाढत गेलं तशी ती बुजत गेली. कपिलतीर्थावर भाजी मंडई बसली, शिवाजी पेठेतल्या वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभं राहिलं. तळी गेल्याची हळहळ मलाही आहे. पण गावाच्या ऐन मध्यावर मोकळ्या झालेल्या अशा दोन जागा कोल्हापूरनं खेळासाठी राखल्या, याचं मोल मला फार वाटतं. एवढ्या मोक्याच्या जागेवर आज कोणतं शहर मैदान ठेवील? जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात अजूनही तळं साचतं. पाणी थोडं ओसरलं की त्याच चिखलात पोरं चेंडू घेऊन उतरतात.

मी विश्रामबागेत राहतो. सांगली आणि मिरज यांच्या मधली ही वस्ती. इथून कोल्हापूर साधारण पन्नास किलोमीटर. अंकलीच्या पुलावरून कृष्णा ओलांडायची, जयसिंगपूर, हातकणंगले मागे टाकायचं, की कोल्हापूर आलंच. एवढ्या अंतरात बोली फारशी बदलत नाही, रानातला ऊस बदलत नाही, महापूरसुद्धा दोन्हीकडे एकदमच येतो. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा आणि कृष्णा दोघी एकाच आठवड्यात लोकांच्या घरांत शिरल्या होत्या. एक गोष्ट मात्र अंकलीच्या पलीकडेच राहिली आहे. ती म्हणजे फुटबॉलचं वेड. आमच्याकडेही मुलं फुटबॉल खेळतात, शाळांच्या स्पर्धा होतात, चांगले खेळाडू जिल्ह्याच्या संघात जातात. पण शाळा संपली की बहुतेकांचा खेळही संपतो. कोल्हापुरात शाळा संपल्यावर खरा खेळ सुरू होतो, कारण तिथं मुलाची वाट पाहत पेठ उभी असते. हा फरक का पडला, हे मला लहानपणापासून जाणून घ्यायचं होतं.

त्या संघांची नावं एकदा मोठ्यानं वाचून पाहावीत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, जुना बुधवार, ऋणमुक्तेश्वर, फुलेवाडी. एकाही नावात कंपनी नाही, मालक नाही. बहुतेक नावं देवळाची, तालमीची नाहीतर वस्तीची. देशातल्या मोठ्या लीगच्या गुणतक्त्यात ही नावं कधी आली नाहीत आणि येण्याची शक्यताही दिसत नाही. टीव्हीवर त्यांचे सामने कुणी देशभर दाखवत नाही. तरी त्यांची वर्षं मोजायची तर आजोबांपासून सुरुवात करावी लागते.

याचं मूळ कुस्तीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, त्यातून कोल्हापूरच्या पेठापेठांत तालमी जोमानं वाढल्या. खासबागेचं कुस्तीचं मैदान १९१२ मध्ये तयार झालं आणि देशभरातले मल्ल तिथं येऊ लागले. तालीम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं तांबड्या मातीचा हौदा आणि लंगोट लावलेली पोरं येतात. पण तालमीत याहून बरंच काही असतं. एक खोली असते, तिची किल्ली कुणाकडे तरी असते. वर्गणीची वही असते. सणाला गणपती बसवणारी, मयतीला धावून जाणारी, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला उठणारी तरुण पोरं असतात, आणि त्यांना दटावू शकणारी, ज्यांच्यापुढं आवाज चढवायची कुणाची छाती होत नाही अशी वडीलधारी माणसं असतात. फुटबॉल कोल्हापुरात आला तेव्हा त्याला नवी संस्था उभारावी लागली नाही. तालमी होत्याच. कुस्तीगीर मुलांची धाकटी भावंडं चेंडू खेळू लागली आणि तालमीनं त्यांना पोटाशी घेतलं.

शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज स्वतः खेळाचे शौकीन. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षी, १९४० मध्ये, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. कोल्हापुरात तिला सगळे केएसए म्हणतात. संस्थान विलीन झालं, राजवट गेली, केएसए राहिली. आजही पेठांच्या संघांची लीग तीच भरवते. वरिष्ठ गटात सोळा संघ आणि त्याखाली आणखी गट अशी ही उतरंड आहे. हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूंची नोंदणी होते, तेव्हा कोण कुठल्या संघातून कुठं गेला याच्या बातम्या कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत ठळक छापून येतात. दिवाळीनंतर सामने सुरू होतात ते उन्हाळा संपेपर्यंत. लीगच्या जोडीला कुणाच्या तरी स्मरणार्थ, कुणाच्या तरी नावानं चषक असतातच. सामना संपला की सामनावीर निवडतात, आणि त्याच्याबरोबर आणखी एका खेळाडूचा ‘लढवय्या’ म्हणून सत्कार होतो. हे बक्षीस मला फार आवडतं. गोल मारणाऱ्याचं कौतुक सगळं जग करतं. हरत आलेल्या सामन्यात शेवटच्या मिनिटापर्यंत चेंडूमागं धावणाऱ्यालाही व्यासपीठावर बोलवावं, हे कुस्तीच्या गावालाच सुचू शकतं.

माझी मावशी मंगळवार पेठेत राहायची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो. मोठा मावसभाऊ सामन्याच्या दिवशी सकाळपासून अस्वस्थ असायचा. “आई, आज मॅच हाय, जेवण लवकर वाढ,” एवढं सांगून तो बाहेर पडायचा आणि तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचा. तो स्वतः संघात नव्हता. पण बूट शिवून आणणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, खेळाडूंना केळी पोचवणं ही कामं त्याच्या वयाच्या पोरांकडे असायची, आणि त्या कामांचा त्यांना अभिमान होता. मावशी आयुष्यात स्टेडियमच्या आत गेली नाही. तरी गोलकीपरचा गुडघा दुखतोय, सेंटर हाफच्या घरी लग्न आहे म्हणून तो सरावाला येत नाही, ही सगळी खबर तिला असायची. सामना संपल्याचं तिला रस्त्यावरून कळायचं. हलगी वाजत आली की जिंकलो. पोरं गुपचूप दोन-दोनच्या जोडीनं परतायला लागली की ती चुलीवरचं भांडं उतरवत म्हणायची, “आज कुणी जेवायचं नाही बघ.” खरोखरच त्या रात्री मावसभाऊ जेवत नसे.

मला ते तेव्हा विचित्र वाटायचं. आपण खेळलो नाही, आपला भाऊ खेळला नाही, मग जेवण का सोडायचं? आज वाटतं, ज्या संघासाठी कुणी जेवण सोडत नाही त्याला संघ म्हणावं का? मावशी गेली त्याला बरीच वर्षं झाली. मावसभाऊ आता नातवाला घेऊन सामन्याला जातो. नातू इंग्रजी माध्यमात शिकतो, बार्सिलोनाच्या खेळाडूंची नावं त्याला पाठ आहेत. पण त्याच्या अंगात जर्सी तालमीची असते.

शाहू स्टेडियमवर मोठा सामना पाहणं हा अनुभव आहे. मंगळवार पेठेचा एखादा संघ शिवाजी पेठेच्या संघाशी भिडणार असेल तर दुपारपासून रस्ते बदलतात. दुचाकींच्या रांगा, गळ्यात रुमाल, कपाळाला गुलाल. गॅलरीत कोण कुठं बसायचं हे ठरलेलं. खेळाचा दर्जा, खरं सांगायचं तर, दरवेळी उंच असतोच असं नाही. मैदानावर गवत कमी, चेंडू उसळतो, पास चुकतात. पण एखादा पोरगा डाव्या बगलेतून दोघांना चकवून आत घुसला की दहा-पंधरा हजार गळ्यांतून एकच श्वास ओढला जातो. टायब्रेकर लागला तर काही माणसं पाठ फिरवून उभी राहतात. त्यांना बघवत नाही. मी मुंबईत कूपरेजला सामने पाहिले आहेत. खेळ तिथं अधिक नेटका होता. श्वास रोखून धरणारी गॅलरी मात्र मी कोल्हापुरातच पाहिली.

या प्रेमाची काळी बाजू लपवण्यात अर्थ नाही. गॅलरीतून बाटल्या पडतात, दगड पडतात. सामना संपल्यावर दोन पेठांची पोरं रस्त्यावर भिडतात. काही हंगामांत हुल्लडबाजीपायी सामने थांबवावे लागले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं, संघांवर आणि खेळाडूंवर बंदी आली. असं झालं की सगळ्यात मोठं नुकसान मैदानात खेळणाऱ्या विशीतल्या मुलाचं होतं. त्याच्या उमेदीची वर्षं थोडी असतात. हुल्लडबाजीत हंगाम बुडाला तर त्या वर्षाची भरपाई कुणी करू शकत नाही. पेठेवरचं प्रेम खरं असेल तर ते पेठेतल्या मुलाचं वर्ष वाया घालवणार नाही, असं मला ठामपणे वाटतं. तालमीतल्या ज्या वडीलधाऱ्यांच्या धाकाबद्दल वर लिहिलं, तो धाक ओसरत चालल्याची ही खूण आहे, आणि ती माणसं पुन्हा गॅलरीत पुढं बसायला हवीत.

दुसरी गोष्ट पैशाची. गेल्या काही वर्षांत बक्षिसांच्या रकमा लाखांत गेल्या. नेतेमंडळींचे चषक आले. नायजेरिया, सेनेगल अशा देशांतले खेळाडू हंगामापुरते करारावर येऊन पेठांच्या जर्सीत खेळू लागले. त्या परक्या मुलांबद्दल मला आपुलकीच वाटते. घरदार सोडून, भाषा येत नसताना, अनोळखी गावाच्या तालमीसाठी ते जीव तोडून धावतात, आणि गावही त्यांना खांद्यावर घेतं. पण संघाचा खर्च त्यामुळं वाढला. वर्गणीच्या वहीतून तो भागत नाही, मग देणगीदार शोधावा लागतो. देणगीदार आला की त्याला निकाल लवकर हवा असतो. अशा वेळी गल्लीतला सतरा वर्षांचा मुलगा बाकावर बसून राहतो. बाहेरचे खेळाडू जरूर घ्यावेत, पण प्रत्येक संघानं आपल्या पेठेतल्या काही मुलांना मैदानात उतरवलंच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. तसं न केल्यास तालीम फक्त नावापुरती उरेल.

मागे पेठ नसलेल्या संघाचं काय होतं, ते महाराष्ट्रानं अलीकडेच पाहिलं आहे. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० मध्ये कंपनीनं संघ बंद केला. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१५ मध्ये संपला. पुण्याचाच भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स आला आणि २०१७ मध्ये गेला. मुंबई एफसीही त्याच वर्षी बंद पडला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये मोठ्या थाटात इंडियन सुपर लीगमध्ये उतरला, २०१९ मध्ये त्याचाही गाशा गुंडाळला गेला. यातल्या प्रत्येक संघाकडे पगारी प्रशिक्षक होते, परदेशी खेळाडू होते, छापील जर्सी होत्या. त्याआधी मुंबईच्या हारवुड लीगमध्ये मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, आरसीएफ यांच्या संघांनी कित्येक खेळाडूंना नोकरी दिली, घर दिलं. ते ऋण मोठं आहे. पण गिरणी बंद पडली की संघ बंद पडायचा. मालकाच्या हिशेबात संघ ही खर्चाची एक ओळ असते, ती खोडायला एक बैठक पुरते. २०२५ मध्ये तर देशाच्या अव्वल लीगचाच हंगाम करार न झाल्यानं अडकून पडला आणि शेकडो व्यावसायिक खेळाडू घरी बसले.

पाटाकडील किंवा खंडोबा तालीम अशी एका बैठकीत बंद करता येत नाही. ती बंद करायची तर पेठेतल्या प्रत्येक घराची संमती लागेल.

हे कोल्हापुरापुरतंच नाही. इंग्लंडमध्ये शेफील्ड एफसी नावाचा क्लब आहे. तो १८५७ मध्ये निघाला आणि जगातला सर्वात जुना फुटबॉल क्लब म्हणून त्याची नोंद आहे. आज तो तिथल्या व्यावसायिक लीगच्या कितीतरी पायऱ्या खाली, छोट्या मैदानावर, थोड्या प्रेक्षकांसमोर खेळतो. वरच्या लीगमध्ये न जाताही दीडशेहून अधिक वर्षं जगता येतं, याचा तो पुरावा. मँचेस्टरजवळच्या बरी गावाचा क्लब १८८५ सालचा. मालकाच्या आर्थिक गोंधळामुळं २०१९ मध्ये त्याला व्यावसायिक लीगमधून काढून टाकलं. गावातल्या लोकांनी हार मानली नाही. त्यांनी पैसा उभा केला, आपसातले मतभेद मिटवले, आणि २०२३ मध्ये बरीचा संघ आपल्या जुन्या मैदानावर पुन्हा उतरला, अगदी खालच्या पायरीवर. विम्बल्डनचा क्लब मालकानं दुसऱ्या शहरात हलवायचं ठरवलं तेव्हा २००२ मध्ये समर्थकांनी स्वतःचा नवा क्लब काढला. संघ कुणाचा, या प्रश्नाला त्या लोकांनी दिलेलं उत्तर मंगळवार पेठेतल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

पेठ नसलेल्या गावाला हे जमत नाही, असं कुणी म्हणेल. त्यावर माझं उत्तर गडहिंग्लज आहे. हिरण्यकेशीच्या काठचं हे तालुक्याचं गाव. कोल्हापूरहून दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. या गावानं फुटबॉल असा जपला की दिवाळीत तिथं मोठी स्पर्धा भरते. गडहिंग्लज युनायटेडची मंडळी ती भरवतात, एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर. गोवा, बंगळूर, केरळ अशा ठिकाणचे संघ तिथं येऊन गेले आहेत. ऐन दिवाळीत, घरोघरी फराळ चालू असताना, गाव मैदानाभोवती गोळा होतं. बाहेरचे खेळाडू राहणार कुठं, जेवणार कुठं, याची काळजी गाव करतं. याच तालुक्यातल्या बेकनाळची अंजू तुरंबेकर पुढं प्रशिक्षक झाली आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघात तळागाळातल्या मुलांच्या फुटबॉलचं काम तिनं सांभाळलं. खेड्यातल्या मुलीला फुटबॉल हे आपलंही काम वाटावं, यासाठी आसपास फुटबॉलचं गाव असावं लागतं. गडहिंग्लजमध्ये राजवाडा नव्हता, मोठा उद्योग नव्हता. होती ती दरवर्षी न चुकता मैदान आखणारी माणसं. विदर्भात कामठीच्या रब्बानी क्लबचंही असंच आहे. छावणीच्या गावानं तो पिढ्यान् पिढ्या चालवला.

आता आमच्याकडचं. सांगलीला खेळ नवा नाही. विजय हजारे सांगलीचे. भारताला पहिला कसोटी विजय मिळाला तो १९५२ मध्ये, त्यांच्या नेतृत्वाखाली. नंदू नाटेकर सांगलीचे. बॅडमिंटनमध्ये आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय, १९५६ मध्ये. स्मृती मानधना इथल्या माधवनगरात वाढली. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणलं. तरुण भारत व्यायाम मंडळानं कबड्डी कशी जपली हे सगळा महाराष्ट्र जाणतो. म्हणजे संस्था उभी करून ती पिढ्यान् पिढ्या चालवण्याची रीत सांगलीला येते. ती रीत फुटबॉलपर्यंत पोचली नाही, एवढंच.

आणि विश्रामबागेचा प्रश्न वेगळा आहे. हे गाव मुळात कॉलेजांभोवती वाढलं. १९१९ मध्ये विलिंग्डन कॉलेज आलं, १९४७ मध्ये आज वालचंद म्हणून ओळखलं जाणारं इंजिनिअरिंग कॉलेज आलं. मग प्राध्यापक आले, बँकेतली माणसं आली, बदलीवर आलेले अधिकारी आले, कारखानदार आले. प्लॉट पडले, बंगले झाले, पुढं बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट झाली. प्रत्येक जण कुठून तरी आलेला. आमच्याकडे नगरं आहेत, कॉलन्या आहेत, चौक आहेत. ज्याच्या नावानं रडावं, भांडावं, जेवण सोडावं, असं सामाईक काही अजून व्हायचं आहे. शेजारच्या अपार्टमेंटमधल्या मुलाचं नाव आम्हाला माहीत नसतं. दोष कुणाचा नाही, नवी वस्ती अशीच असते. पण कोल्हापूरच्या पेठाही कधीतरी नव्या होत्या, आणि फुलेवाडी तर कोल्हापूरचं उपनगर. तिथल्या मंडळानं वरिष्ठ गटात खेळणारा संघ उभा केलाच की.

१५ सप्टेंबर २०१७ या दिवशी सगळ्या महाराष्ट्रात शाळाशाळांतून फुटबॉल खेळवला गेला. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता, त्याची ती तयारी. दहा लाख मुलांनी एका दिवशी खेळायचं, असा संकल्प होता. शाळांना चेंडू मिळाले. आमच्या भागातल्या मैदानांवर त्या दिवशी इतकी मुलं उतरली की पाहणाऱ्याचं मन भरून यावं. पुढच्या महिन्यात विश्वचषक झाला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. दिल्लीच्या मैदानावर तो अमेरिकेविरुद्ध खेळत होता आणि कोल्हापुरात चौकाचौकांत पडदे लागले होते. त्याला घडवलं ते प्रबोधिनीनं आणि प्रशिक्षकांनी. पण सहा-सात वर्षांच्या मुलाच्या पायाशी पहिल्यांदा चेंडू आला तो त्याचं गाव चेंडूचं होतं म्हणून. आमच्या शाळांत आलेले ते चेंडू काही महिन्यांत फाटले किंवा कपाटात गेले. शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्यामागं अभ्यासक्रम होता, परीक्षा होत्या. एका दिवसाच्या उत्सवातून चेंडू मिळतो. तो फाटल्यावर दुसरा आणून देणारं कुणीतरी त्या वस्तीतच राहायला असावं लागतं.

विश्रामबागेत संध्याकाळी मी फिरायला जातो तेव्हा काही मुलं फुटबॉल खेळताना दिसतात. मोठ्या मैदानावर कधी सभेचा मांडव असतो, कधी प्रदर्शनाचे पत्रे, तेव्हा ती जवळच्या रिकाम्या प्लॉटवर जातात. दोन दगड ठेवून गोल करतात. त्यांच्यात वानलेसवाडीची मुलं आहेत, शंभर फुटी रोडच्या गॅरेजमध्ये काम करणारी आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहातली ईशान्येकडची दोन मुलं आहेत आणि ती दोघं सगळ्यांत सरस खेळतात. मी त्यांना विचारलं, “तुमच्या टीमचं नाव काय?” एकमेकांकडे बघून ती म्हणाली, “काका, नाव नाही. असंच खेळतो.”

नाव द्यायला फारसं काही लागत नाही. एक वही लागते, तिच्यात मुलांची नावं आणि तारखा. पंधरा-वीस घरांची महिन्याची शंभर रुपये वर्गणी लागते. आठवड्यातून चार संध्याकाळी मैदानावर उभा राहील असा एक मोठा माणूस लागतो, मग तो निवृत्त शिक्षक असो, बँकेतला असो की जुना खेळाडू. मुलींना वेगळी वेळ आणि त्यांच्याबरोबर एखादी ताई. कोल्हापूरच्या एखाद्या तालमीला विनंती केली तर तिचा ‘ब’ संघ रविवारी इकडे येऊन खेळेल. त्या लोकांना खेळायला निमित्तच हवं असतं. पहिली दोन वर्षं आपण सगळे सामने हरू. तेवढी तयारी ठेवावी.

विश्रामबाग, कुपवाड, मिरज या भागात राहणाऱ्या आणि हा लेख इथवर वाचलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. आपल्या घराजवळच्या मैदानावर या आठवड्यात एकदा संध्याकाळी जा, खेळणाऱ्या मुलांची नावं विचारा आणि पुढच्या वेळी जाताना सोबत शेजारच्या घरातल्या एकाला घेऊन जा. ज्यांना वही सांभाळायची किंवा मैदानावर उभं राहायचं असेल त्यांनी मला येऊन भेटावं. मी रोज संध्याकाळी सहाला विश्रामबागेच्या मोठ्या मैदानावर असतो.